मशीनवर अपघात झाला, आता पुढं काय? कोल्हापूरच्या कामगारांचे वारंवार येणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची फाईव्ह स्टार एमआयडीसी, उद्यमनगरातली छोटी वर्कशॉप, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदीची कामं, सगळीकडून तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवतोय. तुमच्या प्रश्नाचा नंबर बघा आणि तेवढंच वाचा, पण प्रश्न २ मात्र सगळ्यांनी वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

१. बोट तुटलंय, आत्ता या मिनिटाला काय करू?

आधी मेन स्विच बंद. हात अडकला असेल तर घाबरून मशीन उलटं फिरवू नका, ज्याला ते मशीन माहीत आहे त्यालाच सोडवू द्या. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा, वायर नाहीतर सुतळी आवळून बांधू नका. तुटलेला तुकडा शोधा, तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात आणि मग जोडता येत नाही. दुधात किंवा स्पिरिटमध्ये पण घालू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर गाडी काढा, आणि वाटेतूनच दवाखान्याला फोन करून विचारा की बोट जोडणारे प्लॅस्टिक सर्जन आत्ता आहेत का, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यातच वेळ जातो.

२. दवाखान्यात ‘कसं लागलं’ विचारतात. सुपरवायझर म्हणतोय मशीनचं नाव घेऊ नको, घरी लागलं म्हण. काय सांगायचं?

खरं सांगायचं. कंपनीचं नाव, मशीनचं नाव, किती वाजता, कुठल्या पाळीत, सगळं.

केस पेपरवर डॉक्टर एक ओळ लिहितात, अपघात कसा झाला याची. घाईत लिहिलेली असते, अक्षर लागत नाही, पण पुढं दोन वर्षांनी कोर्टात तीच ओळ वाचतात. ‘पॉवर प्रेसमध्ये उजवा हात सापडला, कामाच्या ठिकाणी’ असं असेल तर अर्धी केस तिथंच उभी राहिली. ‘घरी जिन्यावरून पडून’ असं असेल तर नंतर तुम्ही दहा साक्षीदार आणले तरी समोरचा वकील तोच कागद हलवून दाखवणार. सुपरवायझर ज्या वेळी हे सांगतो त्या वेळी तुम्ही वेदनेत असता, बिलाची काळजी असते, आणि तो म्हणतो की ‘मशीनचं नाव घेतलं तर पोलीस केस होईल, मग साहेब खर्च करणार नाहीत’. हे साफ चुकीचं आहे. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) नेलं की असल्या केसची पोलिसांना कळवायची नोंद होते, ती तुमच्याविरुद्ध नसते, तुमच्या बाजूचा कागद असतो. जखमी शुद्धीवर नसेल तर सोबत गेलेल्या माणसानं हे सांगायचं, आणि घरच्यांनी तो पेपर वाचून बघायचा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी.

आधीच चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डॉक्टरांना आणि पोलिसांना जबाब देताना दुरुस्ती सांगा, जितक्या लवकर तितकं बरं. सोबत काम करणाऱ्यांचे नंबर घेऊन ठेवा, मशीनचा फोटो त्याच दिवशी कुणालातरी काढायला सांगा, कारण दुसऱ्या दिवशी मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावायचं संरक्षण) नवा कोरा बसवलेला असतो.

३. माझं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, कामगारांचा सरकारी विमा) आहे की नाही हे मला कसं कळणार?

पगार चिठ्ठीत ईएसआय कपात बघा, ०.७५ टक्के असते. १२,००० पगाराला ९० रुपये. मालक त्यात ३.२५ टक्के स्वतःचे घालतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय लागतं आणि २१,००० पर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. इन्शुरन्स नंबर मागून घ्या आणि ईएसआयच्या पोर्टलवर हप्ते भरलेत का बघा. कपात होते पण भरलेलं नाही, अशा तक्रारी पण येतात, त्याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

४. ईएसआय असेल तर नेमकं काय काय मिळतं?

उपचार पूर्ण, त्यात तुम्ही खिशातून द्यायचं काही नाही, कृत्रिम अवयवसुद्धा मिळतो. कोल्हापुरात ईएसआयचं हॉस्पिटल आहे, तिथं जमत नसेल ते बाहेर पाठवतात. इमर्जन्सीत जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं असेल तर लगेच ईएसआयला कळवा आणि बिलं जपून ठेवा.

कामावर जाता येत नाही तेवढे दिवस रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के पैसे मिळतात. सरासरी रोज ६०० पडत असेल तर दिवसाला ५४० रुपये. याला दिवसांची मर्यादा नाही, डॉक्टर जोपर्यंत अनफिट लिहितात तोपर्यंत. अट एकच, अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस काम बंद असलं पाहिजे. हे पैसे ईएसआय डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मिळतात, त्यामुळं ते वेळच्या वेळी काढत जा, बऱ्याच जणांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे नुसतं सर्टिफिकेट नाही म्हणून अडकतात.

कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दर महिन्याला पेन्शनसारखी रक्कम येते, तुम्ही पुन्हा नोकरी करत असलात तरी. बोर्डापुढं जाताना एक्सरे, ऑपरेशनची कागदं सगळं न्या, टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं. या सगळ्यासाठी मालकानं ईएसआयला अपघाताचा रिपोर्ट पाठवायचा असतो. पाठवला का, त्याची कॉपी मागा.

५. कामाचा पहिलाच आठवडा होता, नंबरपण निघाला नव्हता. आता ईएसआय देणार नाही म्हणतात?

देतं. कामावरच्या अपघातासाठी अमुक महिने हप्ते भरलेले पाहिजेत अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. कारखाना ईएसआयमध्ये बसतो आणि तुम्ही तिथं कामाला होता एवढं दाखवता आलं पाहिजे. मालकानं नाव नोंदवलं नसेल किंवा हप्ते भरले नसतील तर तो ईएसआय आणि मालक यांच्यातला हिशोब आहे, ईएसआय तुम्हाला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच धरलंय की नोंदणी नंतर झाली म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. गेटवरची नोंद, हजेरी कार्डाचा फोटो, सुपरवायझरनं ‘उद्या ये’ म्हणून पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं चालतं.

६. आमच्याकडं पाच-सहाच माणसं आहेत, ईएसआय नाही. मग आम्हाला काहीच नाही का?

आहे. ईएसआय नाही तिथं नुकसानभरपाईचा कायदा लागतो, १९२३ पासूनचा, आता तो सामाजिक सुरक्षा कोडमध्ये गेलाय (प्रश्न २१). यात माणसं किती याची अट नाही. वीज किंवा मोटर लावून काहीतरी बनवलं जातं अशा जागी तुम्ही कामाला होता, एवढ्यानं तुम्ही त्यात बसता, एका लेथवर एकच कामगार असला तरी. रोजंदारीवर, हंगामी, ‘चार दिवसांसाठी बोलावलं होतं’ असे लोक पण यात येतात, २००० साली ती जुनी अडचण काढून टाकली.

इचलकरंजीतून हा प्रश्न फार येतो. एकाच शेडमध्ये माग असतात, पण कागदावर दोन-तीन नावांनी वाटलेले, म्हणजे कुठंच दहा माणसं भरत नाहीत. धोटा उडून डोळ्याला लागला की मग सांगतात ईएसआय नाही. ठीक आहे, ईएसआय नाही तर भरपाई मालकानं स्वतःच्या खिशातून किंवा त्याच्या विमा पॉलिसीतून द्यायची. उलट अशा ठिकाणी मालकावरच जास्त बोजा पडतो, हे शहाण्या मालकांना कळतं आणि ते ‘वर्कमन पॉलिसी’ काढून ठेवतात. तुमच्या मालकाची आहे का ते विचारा. वर्षाला फार मोठी रक्कम नसते ती आणि दोघांचं घर वाचवते.

७. भरपाईचा हिशोब कसा करतात? अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण गेलंय, किती मिळतील?

हा हिशोब ईएसआय नसलेल्यांसाठी. तो स्वतः करायला शिका, म्हणजे कुणी ‘पन्नास हजार घे आणि विषय मिटव’ म्हणालं की तुम्हाला समजेल आपण कुठं आहोत.

पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर. फॅक्टर कायद्याच्या तक्त्यात आहे, वय २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७. हिशोबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, जानेवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, तुम्हाला २४,००० मिळत असले तरी.

आता वय ३०, पगार १५,०००. ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला २०७.९८ नं गुणलं की १८,७१,८२० रुपये. हे झालं १०० टक्के अपंगत्वाचं. त्यातून तुमच्या इजेची टक्केवारी काढायची. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, म्हणजे साधारण २,६२,०५५ रुपये.

बाकीच्या टक्केवाऱ्या: अंगठा ३० टक्के, अंगठ्याचं फक्त वरचं पेर २०. मधलं बोट पूर्ण १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचं ७. एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०. तर्जनीचं नुसतं टोक, हाड न जाता, ५ टक्के. एका डोळ्याची नजर गेली आणि दुसरा चांगला असेल तर ३०, डोळाच काढावा लागला तर ४०.

शिवाय तात्पुरतं काम बंद असेल त्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, आणि दवाखान्याचा झालेला खरा खर्च वेगळा. म्हणून मेडिकलच्या दुकानाची पावतीसुद्धा टाकू नका. आणि पगार निम्मा हातात, निम्मा चिठ्ठीवर असा प्रकार असेल तर बँकेचे मेसेज, सोबतच्यांचे जबाब यांनी खरा पगार दाखवावा लागतो.

८. मी टर्नर आहे, त्या बोटाशिवाय मला कामच जमत नाही. १४ टक्क्यांवर कसं भागणार?

तक्त्यातली टक्केवारी ही कमीत कमी धरायची. तुमचं काम कुठलं होतं आणि आता ते करता येतं का, हे कोर्ट बघतं. १९७६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता, तक्त्याप्रमाणं ते पूर्ण अपंगत्व नव्हतं, पण एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून कोर्टानं पूर्ण अपंगत्व धरलं. म्हणून डॉक्टरांच्या सर्टिफिकेटमध्ये नुसतं ‘बोट नाही’ असं न लिहिता पकड किती गेली, मायक्रोमीटर धरता येतो का, चकची चावी फिरवता येते का, हे यायला पाहिजे. डॉक्टरांना आपलं काम समजावून सांगा, त्यांना लेथ माहीत असतोच असं नाही.

९. मालक म्हणतोय चूक तुझीच, गार्ड तूच काढलास. मग भरपाई नाही का?

कामगाराची नजर चुकली, हात लवकर घातला, झोप आली होती, असल्या चुकीनं भरपाई जात नाही. हा कायदा चूक कुणाची हे विचारत नाही, काम करताना झालं का एवढंच बघतो. मालकाला सूट तीनच गोष्टींत: तुम्ही दारू किंवा नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला, किंवा गार्ड हे सुरक्षेचं साधन आहे हे माहीत असून मुद्दाम काढलं. आणि हे त्यानं सिद्ध करायचं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर या तीन सबबीसुद्धा चालत नाहीत.

गार्ड प्रत्यक्षात कसा निघतो ते बघा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणावर असले तरच प्रेस खाली येणार, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. पण तासाला पीस कमी पडतात म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली असते, एका हातानं माल घालायचा, एका हातानं बटण. पाचर कामगारानं ठोकली असेलही, पण सुपरवायझर रोज तिच्याशेजारून जातो आणि संध्याकाळी पीस मोजून घेतो. त्याला माहीत होतं आणि त्यानं चालू दिलं, तर ‘मुद्दाम नियम मोडला’ हे म्हणणं टिकत नाही. टार्गेटचा बोर्ड, पीसची वही, जुने फोटो याला इथं फार किंमत आहे.

१०. मी कंपनीचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे. ठेकेदार फोन उचलत नाही.

ज्या कंपनीच्या जागेत, कंपनीच्या कामासाठी तुम्ही होता तिच्याकडं मागा. मुख्य मालक जबाबदार असतो आणि तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. दाव्यात दोघांची नावं घाला. फौंड्रीत फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) आणि ग्राइंडिंगची कामं बहुतेक ठेक्यावरच असतात आणि ग्राइंडिंगचा दगड फुटला की ‘हा आमचा नाही’ हेच पहिलं वाक्य ऐकू येतं. ईएसआय असलं तरी हेच तत्त्व आहे.

११. मालकानं दवाखान्याचा सगळा खर्च केला, माणूस चांगला आहे. आता स्टॅम्प पेपरवर सही मागतोय की माझं काही येणं नाही. करू का?

नका करू. मालक चांगला असेल तर त्याला भरपाई रीतसर भरायला काहीच हरकत नसते, आणि त्याचंही भलं त्यातच आहे, कारण हक्क सोडल्याचा असला करार कायद्यात टिकतच नाही, उद्या तुम्ही दावा केला तर त्याला परत भरावे लागतील. तडजोड करायचीच असेल तर भरपाईच्या प्राधिकाऱ्यापुढं (भरपाईचे दावे ऐकणारा, पूर्वीचा ‘कमिशनर’) कराराची नोंद करून करा, तिथं रक्कम फार कमी वाटली तर नोंद नाकारता येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही, दवाखान्यात झोपलेले असताना तर अजिबात नाही.

१२. माझे मिस्टर कारखान्यात गेले. कंपनीनं रोख दोन लाख दिले आणि आता काही मिळणार नाही म्हणतात. खरं आहे का?

ताई, खरं नाही. ईएसआय नसेल तर मृत्यूची भरपाई मालकानं प्राधिकाऱ्याकडं जमा करायची असते, घरी आणून दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत (आगाऊ दिलेली थोडी रक्कम, तीन महिन्यांच्या पगाराइतकी, तेवढी वळती होऊ शकते). हिशोब प्रश्न ७ सारखाच, फक्त ६० ऐवजी ५० टक्के. वय ३५ आणि पगार १५,००० असेल तर ७,५०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,७७,९५०. महिन्याभरात भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वर.

ईएसआय असेल तर एकरकमी नाही, पगाराच्या ९० टक्क्यांचा हिशोब करून तुम्हाला आणि मुलांना दर महिन्याला वाटून मिळतं, अंत्यसंस्काराचे १५,००० पर्यंत वेगळे. पीएफ कापत असतील तर पेन्शन आणि विम्याचे पैसे हे पण तुमचे हक्काचे, ते यातून वजा होत नाहीत. सासरच्यांनी किंवा कंपनीनं घाईनं सह्या मागितल्या तर आधी प्रश्न २३ वाचा, वकील फुकट मिळतो.

१३. पोलिसात तक्रार केली तर भरपाई थांबते का?

नाही. दोन्ही वेगळे रस्ते आहेत. मशीनच्या बाबतीत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८९ खाली गुन्हा आहे. कारखान्याच्या सुरक्षेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं करायची, त्यांचं ऑफिस कोल्हापुरात आहे, ते येऊन मशीन तपासतात आणि त्यांचा रिपोर्ट तुमच्या दाव्यात उपयोगी पडतो. नवीन कोडप्रमाणं (प्रश्न २१) सुरक्षेत कसूर करून मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, गंभीर इजा असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग जखमीला किंवा वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं.

१४. ईएसआयचे पैसे घेतले, आता मालकावर भरपाईचा दावा पण करता येईल का?

नाही, ईएसआयमध्ये असाल तर त्याच इजेसाठी मालकाकडून भरपाई मागता येत नाही. पण स्वतःचा अपघात विमा, कंपनीची ग्रुप पॉलिसी, बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा, हे सगळं वेगळं मिळतं. तो २० रुपयांचा विमा एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख आणि मृत्यू किंवा दोन अवयवांना २ लाख देतो. बोटासाठी त्यात काही नाही, उगाच फेऱ्या मारू नका.

१५. माझा पगार वाढून २२,००० झाला आणि पुढच्याच महिन्यात अपघात. ईएसआय गेलं का?

मध्येच जात नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहामाही कालावधी असतात, त्या कालावधीच्या सुरुवातीला तुम्ही आत असाल तर तो संपेपर्यंत आतच राहता. ओव्हरटाईम धरून २१,००० ओलांडले तर तो ओव्हरटाईम मर्यादेसाठी मोजत नाहीत. खरोखरच बाहेर गेला असाल तर प्रश्न ६ आणि ७.

१६. आयटीआयचा अप्रेंटिस आहे, स्टायपेंडवर. मला लागू आहे का?

अप्रेंटिस कायद्यातच लिहिलंय की ट्रेनिंगमध्ये इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, हिशोब भरपाईच्या कायद्यानं. तुमचा अप्रेंटिसशिपचा करार नोंदवलेला आहे का ते बघा. आणि नुसतंच ‘ट्रेनी’ म्हणून घेऊन पूर्ण पाळीचं प्रॉडक्शन काढून घेत असतील तर तुम्ही साधे कामगारच.

१७. भाऊ १७ वर्षांचा आहे, वय जास्त सांगून लावलं होतं. आता बोललो तर आमच्यावरच येईल का?

धोक्याच्या मशीनवर अल्पवयीन मुलाला लावणं हा मालकाचा गुन्हा. त्यामुळं पोराची भरपाई जात नाही, उलट वय कमी तितका फॅक्टर मोठा. शाळेचा दाखला हिशोबाला लावा आणि भीतीपोटी खोटं वय पुढं चालवू नका.

१८. गुऱ्हाळावर घाण्यात हात गेला. ते कारखाना थोडंच आहे?

मोटरवर चालणारा घाणा म्हणजे यंत्रावर चालणारं उत्पादनच, भरपाई लागू. हंगामापुरतं काम असलं तरी. आपल्याकडं घाण्यात ऊस घालणारा माणूस पहाटेपासून उभा असतो, हाताला चिपाड चिकटलेलं, रोलरपुढं आडवी पट्टीसुद्धा नसते, आणि मेन स्विच लांब खांबावर. निदान स्विच तरी हाताच्या अंतरावर आणा, ही माझी सगळ्या गुऱ्हाळवाल्यांना हात जोडून विनंती आहे.

मळणी मशीन, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरवर मजुरीला असाल तरी यंत्रानं चालणारी शेतीची कामं यात धरलेली आहेत. स्वतःच्याच शेतात झालं असेल तर मालक कोण धरायचा हा प्रश्न, तिथं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज करा. शेतकरी आणि घरातला एक जण, वय १० ते ७५, एक अवयव किंवा डोळा गेला तर १ लाख, मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांत, उशीर करू नका.

१९. ड्युटीला जाताना हायवेला गाडीनं उडवलं. हे कामावरचं धरतात का?

घरून कामावर आणि कामावरून घरी या वाटेवरचा अपघात ईएसआयमध्ये २०१० पासून धरतात, वेळ आणि रस्ता कामाशी जुळला पाहिजे. नवीन कोडमध्ये ईएसआय नसलेल्यांनाही ते आणलंय. वाटेत दोन तास दुसरीकडं गेला असाल तर अवघड होतं.

२०. हात गेल्यावर कंपनी म्हणते आता तुझं काम नाही. काढू शकतात का? पाच वर्षं झाली नाहीत, ग्रॅच्युइटी पण नाही म्हणतात.

ईएसआयचे तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असताना काढता येत नाही, तशी नोटीस दिली तर ती चालत नाही. त्यानंतर दुसरं हलकं काम लेखी मागा, तोंडी नको, अर्जावर तारीख आणि पोहोच घ्या. खाजगी कंपनीवर दुसरं काम देण्याची सक्ती सरकारी नोकरीइतकी घट्ट नाही, म्हणून युनियन असेल तर तिला मध्ये घ्या, बोलणी केल्यावर बऱ्याच ठिकाणी स्टोअर किंवा गेटवर जागा निघते.

ग्रॅच्युइटीचं त्यांनी चुकीचं सांगितलंय. अपंगत्वामुळं किंवा मृत्यूमुळं नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही. अपंगत्वाचं सरकारी कार्ड (यूडीआयडी) काढा, पण त्याची टक्केवारी आणि भरपाईची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक कमी आली म्हणून दुसरी कमी होत नाही.

२१. नवीन लेबर कोड आले म्हणतात, मग हे सगळं बदललं का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कोड लागू झालेत. ईएसआय आणि भरपाई सामाजिक सुरक्षा कोडमध्ये, कारखान्याची सुरक्षा दुसऱ्या कोडमध्ये गेली. ५० टक्के, ६० टक्के आणि फॅक्टरचा हिशोब तोच राहिला. पगाराची व्याख्या बदलली आहे, भत्ते निम्म्यापेक्षा जास्त दाखवून मूळ पगार कमी ठेवायची युक्ती आता चालत नाही, जास्तीचे भत्ते पगारातच धरतात. जुन्या कायद्यातल्या ‘कमिशनर’च्या जागी आता ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द दिसेल. त्या तारखेच्या आधीचा अपघात असेल तर हक्क जुन्या कायद्यानं.

२२. अपघाताला अडीच वर्षं झाली, मालक ‘देतो देतो’ म्हणत राहिला. आता उशीर झाला का? आणि आमचा माणूस ओडिशाला परत गेलाय, केस कोल्हापुरातच करायला लागते का?

मुदत दोन वर्षांची आहे, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ करता येतो. मालकानं आश्वासन देऊन थांबवलं हे कारण धरतात, त्याचे मेसेज, कॉल रेकॉर्ड, थोडे थोडे दिलेले पैसे याचा पुरावा द्या, आणि आता एक दिवसही थांबू नका.

केस अपघात झाला तिथं, जखमी किंवा वारस राहतो तिथं, किंवा कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस आहे तिथं, कुठंही करता येते. म्हणजे ओडिशा, बिहार, युपीचा कामगार आपल्या जिल्ह्यातून करू शकतो. आपल्याकडच्या फौंड्र्यांत असे हजारो हात राबतात, अपघात झाला की रेल्वेचं तिकीट काढून देऊन पाठवून देतात, त्यांच्या सोबतच्यांनी निदान कागदांचे फोटो त्यांच्या मोबाईलवर पाठवून द्या.

२३. वकिलाची फी परवडत नाही. कुठं जायचं, आणि मालक अपिलात गेला तर?

आधी सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन चौकशी करा. वकिलासाठी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्न न बघता. आधार, पगार चिठ्ठी किंवा बँक पासबुक, केस पेपर, डिस्चार्ज, बिलं, पोलीस नोंद, फोटो एवढं घेऊन जा. मिळालेल्या रकमेतले अमुक टक्के माझे असं बोलणाऱ्या एजंटाला कागदं देऊ नका, ओरिजिनल तर कुणालाच नाही.

मालकाला अपील करायचं असेल तर आधी निकालाची पूर्ण रक्कम जमा करावी लागते, त्याशिवाय त्याचं अपील दाखल होत नाही. अपील हायकोर्टात जातं, आणि पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहाही जिल्ह्यांचं काम इथं चालतं. तारखेला सकाळी एसटीनं येऊन संध्याकाळी घरी जाता येतं.